ओहोटीच्या वेळापत्रकावर सात दिवस

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांची समुद्राची सहल ठरलेली असते. सकाळी सातला गाडीत थालीपिठं, दही, कोरडी भेळ आणि चहाचा मोठा थर्मास भरायचा. बोर्नमथ नाहीतर ब्राइटन गाठायचं, पार्किंग शोधण्यात पाऊण तास घालवायचा. मग चटई पसरायची, खायचं, फोटो काढायचे. मोठ्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभं राहायचं, "बापरे, बर्फ आहे!" म्हणायचं, पुन्हा चटईवर येऊन खायचं आणि चारच्या सुमाराला "ट्रॅफिक लागेल" म्हणून निघायचं. यात वाईट काही नाही. अलिबाग आणि गणपतीपुळ्यालाही आपण हेच करत आलो. पण दिवसभर समुद्रावर राहूनही माझ्या मनगटावरच्या घड्याळात जेमतेम तीन हजार पावलं भरायची. म्हणजे ऑफिसच्या दिवसापेक्षा थोडीच जास्त.

यंदा आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे रेडिंगला आले, तेव्हा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा राहिला नव्हता. आई सहासष्ट वर्षांची, चौदा वर्षांपासून मधुमेह. गावाकडे रोज भाजीला, देवळात, शेजारी असं तिचं चालणं आपोआप होतं. इथे आली की सगळं बंद. आम्ही दोघं कामावर, नात शाळेत, बाहेर पाऊस, आणि फुटपाथवर एकटीने जायची तिला भीती. मागच्या खेपेला ती परत गेली तेव्हा वजन चार किलोने वाढलं होतं आणि तिथल्या डॉक्टरांनी गोळी वाढवली. ज्यांचे आई-वडील असे सहा-सहा महिने येतात, त्यांना हे नवीन नाही. शिवाय आपण दक्षिण आशियाई लोक. इथली एनएचएस टाइप २ मधुमेहाचा वाढता धोका गोऱ्यांसाठी चाळिशीनंतर सांगते, आपल्यासाठी पंचविशीनंतर. त्या हिशेबाने मीही दहा वर्षांपूर्वीच त्या यादीत गेलो.

म्हणून ऑगस्टची सुट्टी ठरवताना बायकोने एकच अट घातली: जिथे जाऊ तिथे सगळ्यांनी रोज हललं पाहिजे. आठ वर्षांच्या मुलीपासून सत्तरीच्या बाबांपर्यंत. 'ॲक्टिव्ह हॉलिडे' म्हणून विकल्या जाणाऱ्या सहली पाहिल्या. सर्फिंगचे वर्ग, उभ्याने वल्हवायचे बोर्ड, कड्यांवरून पाण्यात उड्या. हे सगळं तिशीतल्या धडधाकट माणसाला बरं. माझ्या आईला त्यात कुठे बसवणार? शेवटी उत्तर कॉर्नवॉलमधल्या पोल्झेथ नावाच्या छोट्या गावाच्या किनाऱ्यावर एक आठवडा, असं निघालं. शाळांच्या सुट्ट्यांमुळे भाडं चढलेलं होतं, पण घर किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर मिळालं. गाडी शनिवारी लावली ती बुधवारपर्यंत हलवली नाही.

आम्ही पोहोचलो तो दिवस राखी पौर्णिमेचा, म्हणजे नारळी पौर्णिमा. आईचं माहेर श्रीवर्धन. तिने समुद्राला नारळ अर्पण करायची गोष्ट काढली आणि लगेच विचारलं, "इथे भरती किती वाजता?" कोकणातला जुना हिशेब तिला तोंडपाठ आहे: तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ढोबळ बाराच्या आसपास. मी दुकानातून आणलेलं भरती-ओहोटीचं पुस्तक उघडलं, तर त्या दिवशी बाराच्या सुमाराला नेमकी ओहोटी होती! आईने दोन दिवस वेळा पडताळून पाहिल्या आणि निकाल दिला, "हिशेब तोच आहे रे. फक्त भरतीच्या जागी ओहोटी धरायची." खरंच, आठवडाभर तिचा आकडा छापील वेळेच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या आत बसला. चंद्र दोन्हीकडे एकच. किनाऱ्याच्या आकाराप्रमाणे पाणी कुठे कधी चढतं एवढाच फरक. अर्थात पाण्यात उतरायचा निर्णय आम्ही छापील तक्त्यावरच घेत होतो. अर्धा तास हा समुद्रावर मोठा काळ असतो.

कारण इथली भरती फार मोठी आहे. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच लाटांचा इशारा आला की बातमी होते. कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यावर सात मीटरच्या आसपासची भरती दर पंधरवड्याला उधाणाच्या दिवसांत येते आणि कोणी मान वर करून बघत नाही. ओहोटीला पोल्झेथचं पाणी इतकं मागे जातं की क्रिकेटची दोन-तीन मैदानं मावतील एवढी ओली, घट्ट वाळू उघडी पडते. सहा तासांनी तिथे पाणी. इथे गाड्याही वाळूवरच लावू देतात आणि वेळेकडे लक्ष न ठेवणाऱ्यांच्या गाड्या पाण्यात अडकल्याच्या बातम्या येत असतात. माझ्या कामात डेडलाइन पुढे ढकलता येते, मॅनेजरला मेल लिहिता येतो. इथे तसं काही नाही. आणि त्याचाच आम्हाला फायदा झाला. "चला आता" असं कोणी कोणाला म्हणायची गरज उरली नाही. ओहोटीच्या दीड तास आधी घरातून निघायचं, पाणी परत फिरलं की आपणही फिरायचं. वेळ रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकायची, त्यामुळे जेवणाच्या वेळा, बाबांची दुपारची झोप, सगळंच सरकत गेलं.

चालायला ही ओली वाळू उत्तम. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि सपाट रस्त्यापेक्षा जवळपास दुप्पट ताकद लागते. तरुणांना तो व्यायाम चांगला, पण आईच्या गुडघ्यांना नाही. आम्ही पाण्याच्या कडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत असं चालायचो. किनारा एका बाजूला उतरता असतो, त्यामुळे जातानाचा भार एका पायावर आणि येतानाचा दुसऱ्यावर पडतो. एकाच दिशेला लांबवर जाऊन गाडीने परत येणं म्हणून टाळलं.

अनवाणी चालण्याबद्दल मात्र घरात वाद झाला. "वाळूत अनवाणी चालल्याने तब्येत सुधारते" हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. मधुमेहाच्या माणसाने ते विसरावं. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर शिंपल्याने कापलं तरी कळत नाही आणि तापलेल्या वाळूचा चटकाही उशिरा लागतो. जखम भरायला वेळ लागतो तो वेगळाच. शिवाय या किनाऱ्यांवर वीव्हर नावाचा बोटभर मासा ओहोटीच्या उथळ पाण्यात वाळूखाली पडून असतो. त्याच्या पाठीवरच्या काट्यात विष असतं आणि पाय पडला तर मोठमोठी माणसं कळवळतात. उपाय साधा आहे, सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय अर्धा तास बुडवून ठेवायचा. लाइफगार्डकडे त्याची सोय असते. पण त्याहून सोपा उपाय म्हणजे रबरी तळव्याचे पाण्यातले बूट. आईला ते "पाणबुड्यासारखे" वाटले, दोन दिवस तिने तोंड वाकडं केलं. घातले मात्र रोज. रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या पुसून, तळपाय आरशात बघायचं काम नातीकडे होतं आणि ती ते डॉक्टरच्या थाटात करायची.

आणखी एक. चालणं एकदम वाढलं की काही गोळ्यांनी साखर खाली जाऊ शकते. निघण्याआधी आम्ही तिच्या पुण्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवल्या. आईचा आग्रह राजगिऱ्याच्या लाडवाचा होता. लाडू नंतर खायला ठीक, पण हातपाय थरथरायला लागले तर लगेच चढणारी साखर लागते.

पश्चिमेच्या बाजूला ओहोटीत काळे खडक उघडे पडतात आणि त्यांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. मुलीला घेऊन तिथे गेलो आणि कोणाला व्यायाम वाटणार नाही असा सगळ्यात मोठा व्यायाम तिथे झाला. वाकायचं, उकिडवं बसायचं, तोल सांभाळत पुढच्या खडकावर पाय ठेवायचा. दीड तास. जिममध्ये याला पैसे पडतात. खळग्यात हिरवट खेकडे, दगडाच्या रंगाचे छोटे मासे, लाल जेलीच्या गोळ्यासारखे समुद्रफूल. खडकांना लिंपेट नावाच्या शंकूच्या आकाराच्या शिंपल्या चिकटलेल्या. भरतीत त्या खडकावर फिरून शेवाळ खातात आणि पाणी ओसरायच्या आत स्वतःच्या नेमक्या जागेवर परत येऊन बसतात. प्रत्येकीची खडकावर कोरली गेलेली खूण असते, तिथेच. आईला मात्र रस काळ्या शिनाण्यांत होता. खडकच्या खडक भरलेले. "हे कोणी नेत नाही?" तिने तीनदा विचारलं. कुठलं पाणी स्वच्छ, कुठलं नाही, हे ठाऊक नसताना खायचं नाही, असं मी सांगितलं. तिला पटलं नसावं, कारण त्या संध्याकाळी जेवताना तिने शिनाण्यांच्या कालवणाची कृती सबंध सांगितली.

आता बाबांबद्दल, कारण खरी काळजी त्यांचीच होती. बाबा वाईचे. पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले, नंतर कृष्णेच्या डोहात उड्या मारलेले. "मला पोहता येतं" हे त्यांचं वाक्य घरात कोणी खोडू शकत नाही. दुसऱ्या दिवशी ते सरळ पाण्याकडे निघाले, जिथे माणसं कमी होती तिथे. लाटा शांत दिसत होत्या म्हणून. नेमकं हेच समुद्राचं वागणं विहिरीसारखं नसतं. लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि जिथे ते आत खेचत जातं तिथे लाटा फुटत नाहीत, पाणी गुळगुळीत दिसतं. याला इथे रिप म्हणतात. त्याचा वेग ताशी चार-पाच मैलांपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे ऑलिंपिकचा पोहणाराही त्याच्या विरुद्ध हातपाय मारून जिंकत नाही.

शिट्टी वाजली. विशीतली एक लाइफगार्ड मुलगी पळत आली आणि अतिशय अदबीने, पण ठामपणे त्यांना झेंड्यांच्या मध्ये घेऊन आली. वर लाल, खाली पिवळा असे दोन झेंडे जिथे रोवलेले असतात, त्यांच्यामध्येच पोहायचं. काळ्या-पांढऱ्या चौकटींचे झेंडे सर्फबोर्डवाल्यांसाठी, तिथे पोहायचं नाही. नुसता लाल असेल तर पाण्यात पायच ठेवायचा नाही. नारिंगी पिशवी वाऱ्यावर फडफडत असेल तर वारा समुद्राकडे आहे, फुगवलेली बोट किंवा खेळणं घेऊन उतरायचं नाही. भरतीबरोबर झेंडेही सरकतात, म्हणून दर थोड्या वेळाने मान वर करून बघायचं. आम्ही झेंड्यांमध्ये कमरेएवढ्या पाण्यात उभे होतो, तरी दहा मिनिटांत आपोआप बाजूला सरकलेलो असायचो. हे लाइफगार्ड आरएनएलआयचे, १८२४ साली सुरू झालेल्या धर्मादाय संस्थेचे. तिचा कारभार मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालतो.

त्या मुलीने बाबांना जे समजावलं ते मी मराठीत करून सांगत होतो. पाणी ऑगस्टमध्येही सोळा-सतरा अंश. अचानक गार पाण्यात गेलं की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, छाती धडधडते आणि चांगला पोहणाराही घाबरून पाणी गिळतो. अशा वेळी पोहायचा प्रयत्नच करायचा नाही. मान मागे टाकायची, कान पाण्यात, हात हळूहळू हलवत पाठीवर तरंगायचं, श्वास ताळ्यावर आला की मग हात वर करून मदत मागायची. किनाऱ्यावरच्याने ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा, मागोमाग स्वतः उडी टाकायची नाही. बाबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे विहिरीत दमल्यावर आम्ही जे करायचो तेच." मग भाड्याचा वेटसूट चढवून, लाइफगार्डच्या नजरेसमोर, छातीएवढ्या पाण्यात त्यांनी ते करून दाखवलं. नातीला शिकवलं. मलाही. मी पुण्यातल्या क्लबच्या निळ्या पूलमध्ये पोहायला शिकलो, लाटेत पाठीवर पडून राहणं मला कोणी शिकवलं नव्हतं.

परदेशात समुद्रात किंवा तळ्यात बुडालेल्या आपल्या मुलांच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. नव्याने मास्टर्सला आलेली, मित्रांबरोबर पहिल्यांदा समुद्रावर गेलेली. त्यांना कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात बँकेचं खातं आणि बसचा पास कसा काढायचा ते सगळे सांगतात. झेंड्यांबद्दलही कोणीतरी सांगायला हवं, आणि हे काम आपल्या मंडळांना सहज जमण्यासारखं आहे.

बुधवारी आम्ही दोन तुकड्या केल्या. बाबा, मुलगी आणि मी गाडीने वेडब्रिजला गेलो आणि सायकली भाड्याने घेतल्या. तिथून पॅडस्टोपर्यंत १९६७ साली बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची सायकलवाट केली आहे. कॅमल नदीच्या खाडीकाठाने साडेपाच मैल, रेल्वेची वाट असल्याने चढ जवळजवळ नाहीच. बाबा नोकरीभर शाळेत सायकलवर गेलेले, पण शेवटची सायकल चालवून वीस वर्षं झाली होती. पहिले शंभर मीटर मी श्वास रोखून मागून बघत होतो. नंतर मलाच त्यांना हाका माराव्या लागल्या. दर दहा मिनिटांनी ते थांबायचे, दमल्यामुळे नव्हे, तर ओहोटीच्या चिखलात चोच खुपसणारे पक्षी बघायला.

आई आणि बायको पोल्झेथहून डेमर बे आणि तिथून पुढे रॉक गावापर्यंत चालत आल्या, सुमारे तीन मैल. ही वाट साउथ वेस्ट कोस्ट पाथचा भाग. माइनहेडपासून पूल हार्बरपर्यंत ६३० मैल. एकेकाळी चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवायला पहारेकरी इथून पायी गस्त घालायचे, म्हणून ही वाट समुद्राची कड सोडत नाही. बाणाबरोबर ओकच्या फळाची खूण असते, ती बघत जायचं. काही टप्प्यांवर दम निघेल असे चढउतार आहेत, पण हा तुकडा आईला झेपला. शेवटचा भाग तर ओहोटीमुळे वाळूवरूनच. रॉकहून छोट्या फेरीने खाडी ओलांडून त्या पॅडस्टोला आल्या. ओहोटीला फेरी नेहमीच्या धक्क्याला लागू शकत नाही, अलीकडच्या उतारावर सोडते, तिथून पुन्हा थोडं चालणं. आई वर आली ती चेहरा लाल, पदर कमरेला, आणि पहिलं वाक्य, "शनिवारी मी एका मैलात बसले होते." मासे खायला पॅडस्टो प्रसिद्ध आहे. आईचं मत: मासा ताजा, पण कोकम नाही.

सगळंच जमलं असं नाही. गुरुवारी दिवसभर पाऊस आणि आडवा वारा; त्या दिवशी पत्ते खेळलो. मुलीच्या हातातली पेस्टी समुद्रपक्ष्याने झडप घालून नेली. माझे खांदे भाजले, कारण ढगाळ आहे आणि आपली कातडी सावळी आहे म्हणून क्रीम लागत नाही, हा समज घरातल्या सगळ्या पुरुषांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

आईच्या वहीत रोज सकाळचा उपाशीपोटीचा आकडा लिहिलेला आहे. रविवार सोडून पुढचे सगळे दिवस तो तिच्या इथल्या नेहमीच्या आकड्याच्या खाली होता. एका आठवड्यावरून काही सिद्ध होत नाही हे तिला मी सांगितलं. डॉक्टर तीन महिन्यांचा आकडा बघतात. तो नोव्हेंबरमध्ये कळेल.

रेडिंगला समुद्र नाही. पण थेम्सच्या काठाने सपाट पायवाट आहे आणि आई आता तिथे एकटी जाते, बूट घालून, खिशात ग्लुकोज. बाबांनी कौन्सिलच्या पूलमध्ये ज्येष्ठांच्या वेळेत नाव घातलं आहे. पाणी फार कोमट असतं, अशी त्यांची तक्रार आहे.